ओलं सिमेंट

उंदरानं तान्ह्या नातीच्या पायाचं बोट कुरतडलं, तेव्हा म्हाताऱ्या गवंड्याचं डोकंच फिरलं. गल्लीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या, आणि स्वतःच्याच घरात ही शोभा! भर दुपारी सिमेंटात काचांचा चुरा कालवून त्यानं सातही बिळं बुजवली.

"मामंजी, दिवसा उंदीर बिळातच असतात," सून म्हणाली. "तुम्ही तर त्यांना आतच कोंडलंत की!"

"मला भिंती शिकवू नकोस!"

तेवढ्यात भिंतीतून खरवडण्याचा आवाज आला. तो सरकत सरकत पाळण्यामागच्या बिळाशी येऊन थांबला. तिथलं ओलं सिमेंट हळूहळू फुगू लागलं. गवंड्यानं त्यावर तळहात दाबून धरला. आतून असंख्य इवले पंजे त्या हाताला रेटू लागले.

"सूनबाई," तो पुटपुटला, "पोरीला उचल आणि आधी बाहेर हो. हा हात फार वेळ टिकायचा नाही."