बुरोंडीहून लोट्याला आणलेलं कालवण

लोट्याहून सकाळी निघाले तेव्हा यांनी खाटेवरून नुसता हात वर केला. बोलणं यांना जड जातं. घशातल्या गाठीवर किरणं देऊन झाली, गाठ गेली म्हणतात, पण तेव्हापासून अन्न तोंडात धरवत नाही. सगळं मातीसारखं लागतं. आठवडाभरात खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून यांनी मान फिरवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं. "आईचं कालवण असतं तर खाल्लं असतं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. होत्या तोवर मासळी त्यांच्याकडेच. मी कऱ्हाडची, घाटावरची, मटणाचा रस्सा डोळे मिटून करीन, पण मासळीला हात लावला की त्या म्हणत, "तू कांदा चीर, बाकी राहू दे." तीस वर्षं मी कांदाच चिरला. आता त्यांची रीत एकाच माणसाला येते, बुरोंडीच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना. तेव्हा यांना शेजारणीवर सोपवलं आणि एक वही घेऊन निघाले. लग्नानंतर एकटीने केलेला पहिला प्रवास, आणि तोही सासरी.

खेडच्या स्टँडवर दापोलीची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची तासाभराने. बाकावरच्या बाईने विचारलं, "माहेरी चाललात काय?"

"नाही, कालवण शिकायला."

ती हसली. "आता या वयात?"

मग कारण सांगितलं तसं तिने पिशवीतलं एक केळं काढून माझ्या हातावर ठेवलं. अनोळखी माणसं अशी मायेने वागायला लागली की मला धडकीच भरते. आपलं काही खरं नाही, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

दापोली सोडली की मधे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) लागतो. कापलेल्या भाताचे खुंट, काजूची झाडं, आणि एका वळणावर एकदम समुद्र. नवी नवरी होते तेव्हा या वळणावर मी यांचा दंड धरला होता. या खेपेला नुसती बघत बसले. समुद्र होता तसाच होता, आणि त्याचा मला राग आला.

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. "आलीस गो? भावजी कसे हायत?"

"खात नाहीत, अक्का."

"खातील. आईच्या रांधपाला नाय म्हनायचे नायत ते."

दुपारी थोरले दीर बोटीवरून आले. बोटीवरच्या माणसाला घरच्या कालवणापुरती मासळी मिळते, आणि सासूबाईंचं कालवण त्या मिळेल त्या मासळीचं असे. त्या दिवशी कोलंबी, ओले बोंबील आणि शिंगाळ्याचे (मिशांच्या, कमी काट्यांच्या माशाचे) तुकडे होते. अक्कांनी मातीचं मडकं चुलीवर ठेवलं. ओलं खोबरं, धणे, हळद, कांदा आणि नावाला मिरची असं वाटण. फोडणी नाही. आधी शिंगाळा, मग कोलंबी, बोंबील अगदी शेवटी. पळी फिरवायची नाही, फडक्याने काठ धरून मडकंच हलवायचं. वरून वाटीभर आगळ (कोकमाच्या फळांचा घट्ट रस) आणि कच्चं खोबरेल.

मी चाखायला चमचा शोधला, तर अक्कांनी माझा हात धरला. "आमच्यात चुलीवरचं चाखत नायत. वासावर कळतं. आनि मीठ घालू नको हां. खारट झालं तर भावजी तोंड लावनार नायत."

वहीत मी 'मीठ नाही' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. जेवताना पहिल्या घासालाच सासूबाई आठवल्या. इतकं साधं होतं, आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फातली मासळी आणि आगळाची बाटली घेऊन निघाले. खेडच्या अलीकडे गाडीच्या मधल्या वाटेतून लाल ओघळ वाहायला लागला. कुणीतरी पाय वर घेतले. कंडक्टर ओरडला, "कुणाला लागलंय काय?" कुणाला लागलं नव्हतं, माझ्या बाटलीचं बूच उडालं होतं. मी पदराने पुसायला वाकले, तर तो म्हणाला, "राहू द्या मावशी, डेपोत धुतील." कोकम तर घरीही होतं. म्हटलं, आमसुलं भिजत घालू, त्यात काय.

घरी पोचले ती तशीच ओट्याशी उभी राहिले. वही उघडी ठेवून एकेक ओळ बोटाने वाचत केलं. वाटण, शिंगाळा, कोलंबी, बोंबील, भिजवलेली आमसुलं, खोबरेल. पळी घातली नाही, चाखलं नाही. वास तर अगदी बुरोंडीचा आला.

यांना उशीला टेकून बसवलं आणि मऊ भात कालवून दिला. पहिला घास तोंडात घेऊन यांनी डोळे मिटले.

"आईच्या हातचं," हे म्हणाले. "मीठसुद्धा तेवढंच, बघ."

वाटीभर खाल्लं. गिळताना गळ्याची शीर ताठ व्हायची, तरी खाल्लं. मी अंगणात जाऊन अक्कांना फोन केला. "खाल्लं अक्का, पोटभर खाल्लं." त्या तिकडे रडल्या, मी इकडे.

मग माझं ताट वाढून यांच्या समोरच बसले. पहिला घास घेतला. कालवण अळणी होतं.

आगळ मिठातलं असतं, म्हणून अक्का मीठ घालत नव्हत्या. आमसुलाच्या पाण्यात कुठलं आलंय मीठ? आगळ खारट असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दोन रेघांपुढे माझी अक्कल चालली नाही. वाटीभर अळणी मासळी या माणसाने गिळली होती, माझ्याकडे बघत. जिभेवर काही म्हणजे काही उरलं नव्हतं. दोन दिवस मी जे आणायला फिरले, ते ठेवायला जागाच नव्हती.

"कसं झालंय?" यांनी विचारलं. हे मला विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"अगदी आईंचं," मी म्हटलं.

मिठाची बरणी हातभरावर होती. हे टक लावून माझ्या ताटाकडे बघत होते. मी भात कालवला आणि सगळं तसंच जेवले.