दुखणं कधीपासून

आमच्या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणतात. गिऱ्हाईक धापा टाकत येतं, 'इंजिन गेलं वाटतं' म्हणतं, आणि हा आधी हात पुसतो, मग चष्मा पुसतो आणि मग विचारतो, "कधीपासून?" गॅरेजच्या भिंतीवर एक शाळकरी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर एका बाजूला गाडीचा नंबर आणि दुसऱ्या बाजूला या प्रश्नाचं उत्तर. उत्तर लिहिल्याखेरीज बॉनेट उघडायचं नाही, असा तीस वर्षांचा नेम. मी एकदा "परवापासून" म्हणालो, तर म्हणाला, "परवा सकाळपासून की दुपारपासून?" लग्न जुळवताना सासरच्यांनीसुद्धा माझी इतकी बारीक चौकशी केली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी वहिनी, म्हणजे थंडोबाची बायको, गेल्या. तेव्हापासून हा माणूस खरोखरच थंड पडला. चौथ्या दिवशी गॅरेज उघडून बसला. समाचाराला येणाऱ्यांना 'बसा' म्हणायचा आणि त्यांच्या गाडीचा ब्रेक कसा आहे ते विचारायचा. एक वाजला की डबा उघडायचा. डबा तोच, वहिनी भरून द्यायच्या तो. आता त्यात दोन केळी. तीही हा एकावर एक रचलेल्या कप्प्यांमध्ये एकेक ठेवून आणायचा.

गॅरेजच्या मागच्या बाजूला पत्रे ठोकणारा आणि रंग देणारा पेंटर बसतो. थंडोबाशी त्याची वीस वर्षांची दोस्ती. मी रोज चहाला तिथे टेकतो, तर एकदा तो मला म्हणाला, "या माणसाला आज चिमटा काढला, तर उद्या ओरडेल."

"ऐकू येतंय मला," थंडोबा गाडीखालून म्हणाला. बस, एवढंच.

एका सोमवारी थंडोबाची लेक आली. तिला लांबच्या गावात नोकरी लागली होती, रविवारी निघायचं होतं, आणि आईची छोटी टर्बोवाली गाडी सोबत न्यायची होती. पण ती गाडी सकाळी थंड असताना सुरू केली की ताप आल्यासारखी थडथडायची, इंजिनचा दिवा लुकलुकायचा, आणि दोन मिनिटांत इंजिन तापलं की जणू काही झालंच नाही. लेकीने घरून गॅरेजपर्यंत चालवत आणली, तोवर गाडी ठणठणीत. डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर पोटदुखी थांबावी, तशी.

"बाबा, रविवारपर्यंत झाली तर नेते," ती म्हणाली. "नाहीतर सोमवारी डीलरला येऊन घेऊन जायला सांगते. तुम्ही तर तिच्यात बसतसुद्धा नाही. ती अशी अंगणात उभी बघवत नाही मला."

"बघतो," थंडोबा म्हणाला. हात पुसले. चष्मा पुसला. आणि सरळ बॉनेट उघडलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आपल्याच घरची गाडी, तिला काय विचारायचं? पाटी कोरी राहिली, आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही.

या दुखण्याची खोड अशी, की ते दिवसातून एकदाच दिसतं. गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची, सकाळी एकदा चावी फिरवायची, दोन मिनिटं ऐकायचं. चुकलं तर उद्या. मंगळवारी सकाळी बिघाड शोधायचं मशीन जोडलं, तर ते म्हणालं तिसरा सिलिंडर. टर्बो हवा दाबून कोंबतो, त्या दाबात ठिणगी पाडणं म्हणजे वाऱ्यात काडी पेटवणं. म्हणून पहिला संशय ठिणगी पाठवणाऱ्या कॉइलवर. थंडोबाने तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. कॉइल चोर असेल, तर चोरी पहिल्या घरात व्हायला हवी. बुधवारी सकाळी चोरी तिसऱ्याच घरात. मग प्लगची अदलाबदल केली.

गुरुवारी सकाळी थंडोबा यायच्या आत पेंटरने गाडी सुरू करून उन्हात काढली. का, तर वहिनींची गाडी आहे, लेक नेणार, तर तिच्या दारावरचा ओरखडा आपल्यातर्फे काढून द्यावा. थंडोबा आला तेव्हा इंजिन छान गरम, आणि पेंटर दारावर पॉलिश मारत उभा.

"दिवस घालवलास," थंडोबा म्हणाला.

"अरे शिवी तरी दे. असं मेल्यासारखं बोलू नकोस."

थंडोबाने शिवी दिली नाही. केळी खाल्ली.

शुक्रवारी कळलं, प्लगही निर्दोष. त्या दिवशी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलून पाहिले, शनिवारी सकाळी तेही सुटले. उरला एकच संशय. शनिवारी संध्याकाळी त्याने रेडिएटरला हातपंप लावला, पाण्यावर दाब दिला आणि तसाच ठेवून घरी गेला.

रविवारी सकाळी लेक बॅगा घेऊनच आली. थंडोबाने गाडी सुरू केलीच नाही. प्लग काढले आणि भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर पहिला पिस्टन दिसला, कोळशासारखा काळा. दुसरा काळा. तिसरा मात्र घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा लख्ख, आणि त्यावर पाण्याचं टपोरं थेंबभर तळं.

"एवढा स्वच्छ आहे, मग बिघाड कसला?" मी विचारलं.

"पाण्याने धुतलाय," थंडोबा म्हणाला. "हेडखालचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं गॅस्केट गेलंय. इंजिन थंड पडलं की फटीतून पाणी झिरपतं. तापलं की फट मिटते."

"पण हे होतं कशाने?" लेकीने विचारलं.

"कधीतरी प्रचंड तापली असणार."

"कधी?"

थंडोबा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"त्या दिवशी," तो म्हणाला. "हॉस्पिटलला नेताना. पुलाच्या अलीकडेच इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता. पाणी संपलं होतं. मी थांबलो नाही. तशीच दामटली." बाजारभाव सांगावा, तशा आवाजात तो हे सांगत होता. "गिऱ्हाइकाने असं केलं असतं, तर मी त्याला गॅरेजात उभं केलं नसतं."

मागून आलेला पेंटर पॉलिशचं कापड हातात धरून उभा राहिला. 

"मीही पाहिला होता दिवा," लेक म्हणाली. "मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, बोलले तर तुम्ही थांबाल."

 रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, तीही सुरू होत नव्हती.

"आज नाही नेता येणार," शेवटी थंडोबा म्हणाला. "पाणी भरत भरत जाशील म्हणा, पोचशीलही. पण मी देणार नाही. हेड उतरवायला लागेल."

"किती दिवस?"

"पंधरा. हेड वाकलं असेल, तर वीस."

"डीलरला नको म्हणून सांगते. वीस दिवसांनी येते न्यायला."

"बरं."

पेंटरने तिच्या बॅगा स्टँडवर नेल्या. जाताना ती बापाच्या खांद्याला हात लावून गेली. थंडोबाने तिला फक्त एवढंच सांगितलं, की बसमध्ये चाकावरच्या सीटवर बसू नकोस.

मग त्याने हात पुसले. पाटी उतरवली, गाडीचा नंबर लिहिला, आणि शेजारी चार महिन्यांपूर्वीची ती तारीख. थोडं थांबून पुढे 'सकाळपासून' असं जोडलं. पाटी परत टांगली, आणि हेडचा पहिला बोल्ट सैल करायला घेतला. तो घट्ट बसला होता. त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं.