आंबील आंबट का मध्यम?

ज्या गोष्टीचा निकाल खापरपणज्यानंच लावून ठेवलेला आहे, तिच्यावर दरवर्षी नव्यानं चर्चा घडवून आणण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात मिळायचा नाही. आणि मिळालाच, तर कृपा करून मला कळवू नका. एक आहे तेवढा मला पुरतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तामलवाडीकडं त्यांची शेती, काळी कसदार जमीन, बांधावर चिंचेचं झाड आणि खिशात फोन. यातल्या शेतीनं आणि चिंचेनं मला कधी त्रास दिलेला नाही. जो काही छळ झाला तो त्या फोननं.

प्रश्न असतो वेळ अमावस्येच्या जेवणाचा. तिकडं तिला येळवस म्हणतात. मी परंड्याचा, आमच्याकडं तिचं एवढं प्रस्थ नाही, म्हणून लग्नाआधी मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग माणूस जागेवर आडवा होईपर्यंत जेवायचं. जेवणात काय, हा प्रश्नच उद्भवत नाही. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी, भरीत आणि गव्हाची खीर. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, घेवड्याचे ओले दाणे, गाजर, शेतातली झाडून सगळी भाजी चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजवली की भज्जी. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे. आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-आलं घालून जे पातळ पेय करतात ती आंबील. आजा हेच जेवला, पणजा हेच जेवला. यात बदल करणं म्हणजे आरतीत मधेच आपलं एक कडवं घुसडण्यासारखं आहे. तसं करायची कुणाची छाती नाही, मामांची तर नाहीच नाही. पण म्हणून चर्चा करायची नाही? वा! हे कुणी सांगितलं?

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला गेला की मामांचा पहिला फोन यायचा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना तो आला. "जावईबापू, एक इचारायचं हुतं. औंदा आंबील आंबट करू का मध्यम?" आंबील हे पातळ असतं, घट्ट असतं की नेसायचं असतं, मला पत्ता नाही. साहेब बघतायत. मी आपलं सभ्य माणसासारखं म्हणालो, "मध्यम करा मामा." पलीकडून इतका मोठा सुस्कारा आला की जणू माझ्या शब्दावर त्यांची सगळी रब्बी अडून राहिली होती. "बास! लई मोठं काम केलं बगा तुमी." येळवशीला शेतात गेलो, मामांनी मानानं तांब्या माझ्या हातात दिला, मी एक घोट घेतला आणि दोन्ही कानांतून वारा निघाला. डोळ्यांतून पाणी, दात शिवशिवलेले, आणि मामा सगळ्या पंगतीला सांगतायत, "कशी झालीया? आमच्या जावयाच्या सल्ल्यानं केलीया!" पंगतीतला एक म्हातारा माझ्याकडं असा आदरानं बघायला लागला की मला ती सगळी प्यावी लागली.

तेव्हापासून आंबील हे खातं माझ्याकडं. मामांचं हे खातेवाटप एकदा झालं की त्यात राजीनामा नाही. पुण्यात असलेल्या माझ्या मेहुण्याकडं उंडे. तो व्यायामशाळेत जाणारा, त्याला उंड्यात तेल किती, शक्ती किती, हे सगळं कळतं. तो फोनवर कळकळून सांगायचा की मामा, बाजरीच्या जोडीला ओट्स घाला. मामा म्हणायचे, "व्वा! ह्येच डोक्यात न्हवतं माझ्या." उंडे बाजरीचेच व्हायचे. सोलापूरची मेहुणी भज्जीत पनीर सुचवायची. "तुज्या तोंडात साखर पडो," असं म्हणून मामा तिच्या तोंडात काही झालं तरी पनीर पडू द्यायचे नाहीत. आणि या साऱ्यांत सर्वात ज्येष्ठ सल्लागार म्हणजे मामांचे शाळेपासूनचे दोस्त, नळदुर्गचे एक शिंपी. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. चाचांचा गाजरावर राग. "भज्जीत गाजर टाकून तू सगळी मजा घालवतो यार," हे ते दरवर्षी फोनवर सांगणार, "औंदा गाजर बंद, तुज्या गळ्याची आन," असं मामा म्हणणार, आणि येळवशीला चाचा मुकाट्यानं भज्जीतलं एकेक गाजर वेचून मामांच्या ताटात टाकणार. मामा ते खाणार. या विषयावर त्या दोघांचं शेतात एका शब्दानंही बोलणं झालेलं मी ऐकलेलं नाही.

मामी या सगळ्यापासून अलिप्त. मामा ओसरीवर फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं हवेत फोडण्या देत असले की मामी आत निवांत तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, "मामी, तुम्ही यातलं नेमकं काय करणार?" त्या म्हणाल्या, "त्यास्नी बोलू द्या. भज्जी काय फोनवर शिजत न्हाय."

मग हा खटाटोप कशाला? मला वाटायचं, माणूस रिकामटेकडा आहे, दुसरं काय! पण एका येळवशीला जेवणं झाल्यावर चिंचेखाली अंग टाकलेलं असताना मामांनीच मला ते गुपित सांगितलं. त्या दिवशी ज्याला शेत आहे तो प्रत्येक जण पाहुणे गोळा करत असतो. गावात औषधाला माणूस सापडत नाही. एकेका पाहुण्याला चार-चार शेतांतून आवतण, आणि कुणाकडं नाही म्हणायची सोय नाही. तिसऱ्या शेतापर्यंत पाहुणा चालत येतो, चौथ्याला त्याला बैलगाडीत घालून आणावं लागतं. "तवा जावईबापू," मामा पोटावरून हात फिरवत म्हणाले, "जेवाय या म्हनलं की मानूस 'बगू' म्हनतं. पर मीठ किती घालू म्हनलं, की चाखाय येतंच येतं. सोताचा सल्ला कुनाला सोडवतोय?" मी उठून बसलो. पुण्याचा मेहुणा सुट्टी टाकून का येतो, मेहुणी तीन शेतं सोडून आधी इथं का येते, आणि मी दातांच्या डॉक्टरची वेळ ठरवून का येतो, याचा एका क्षणात उलगडा झाला. काय डोकं आहे! आणि हा माणूस तालुक्याच्या राजकारणात नाही, हे तालुक्याचं नशीब.

आणि गेल्या दिवाळीनंतर मामांचा फोन आला नाही.

पहिले काही दिवस मी खोटं कशाला बोलू, खुशीत होतो. सुटलो म्हटलं. दिवाळीचा चिवडा संपला, डबा घासून पालथा घातला, तरी फोन नाही. मग मला चैन पडेना. ऑफिसात फोन वाजला की मनातल्या मनात 'मध्यम करा' म्हणून तयार व्हायचो, तर कुठल्या तरी कंपनीची बाई मला कर्ज देत असायची. बायकोनं पुण्याला विचारलं, सोलापूरला विचारलं. कुणालाच फोन नाही. चाचांनी तर सरळ मलाच गाठलं. "जावईसाब, मी गाजराचं जरा जादाच बोललो का हो गेल्या साली? त्याला सांगा, टाक म्हणावं गाजर. पायजे तितकं टाक." इतक्या वर्षांचा बाणेदार माणूस, पण आवाज पार पडलेला.

शेवटी मीच मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, आंबिलीचं काय ठरलं?" मामा म्हणाले, "बरं बरं." मी म्हटलं, "आंबट का मध्यम?" मामा म्हणाले, "हां हां, बरं हाय समदं, ठिवतो." आणि ठेवला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लगेच मामींना शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावून घेतलं, तेव्हा खरं काय ते कळलं. मामांना ऐकू येईनासं झालं होतं. एका कानानं पूर्ण, दुसऱ्यानं जवळजवळ पूर्ण. यंत्र आणलं होतं, ते 'कुईकुई करतंय' म्हणून कोनाड्यात ठेवलेलं. "कुनाला सांगू नगं म्हनालेत," मामी हळू आवाजात म्हणाल्या, "आन औंदा कोप घालायची न्हाय म्हनत्यात. म्हनाले, कुनाला इचारायचंच न्हाय झालं, तर येनार कोन?"

बायकोनं फोन ठेवला. मी म्हणालो, "आंबील कशी करतात गं?"

येळवशीच्या सकाळी आम्ही न बोलावता शेतात थडकलो. मेहुणा पुण्याहून, मेहुणी सोलापूरहून, चाचा नळदुर्गहून. प्रत्येकाच्या हातात एक भांडं, आणि त्या भांड्यात ज्याचा त्याचा इतक्या वर्षांचा फेटाळलेला सल्ला. मामा चिंचेखाली बसले होते. पाच दगड तसेच उघड्यावर, कोप नाही. आम्हाला बघून उठले, आणि धोतर झटकत राहिले. मी जवळ जाऊन मोठ्यानं ओरडलो, "मामा! आंबील आणलीय!" त्यांना कळलं नाही. मग मेहुणा ओरडला. मग चाचा. मग आम्ही सगळेच ओरडायला लागलो, "आंबील! उंडे! पनीर!" शिवारात असा कालवा झाला की शेजारच्या चार शेतांतली माणसं बांधाचं भांडण लागलं म्हणून हातातले घास टाकून पळत आली. भांडण नाही म्हटल्यावर जराशी हिरमुसली, पण आलीच आहेत तर कोप घालून देऊ म्हणाली. मी आणि मेहुण्यानं मधेच एक उभी करून बघितली, ती त्यांनी एका लाथेत पाडून नवी उभी केली. मग जाता कुठं? बसलीच जेवायला. त्या दिवशी मामांच्या शेतात जेवढी माणसं जेवली तेवढी फोन करून कधी आली नव्हती.

पण जेवणं व्हायच्या आधी मामांनी सगळी भांडी समोर ओळीनं मांडून घेतली आणि एकेक चाखायला सुरुवात केली. आम्ही दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. ओट्सचा उंडा त्यांनी तोंडात घातला, बराच वेळ इकडून तिकडं फिरवला आणि दोन बोटांनी अलगद बाहेर काढून गड्याला म्हणाले, "हौदाला जिथं चीर पडलीया तिथं लाव." पनीरची भज्जी चाखून मेहुणीच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे संपलं. चाचांची बिनगाजराची भज्जी खाताना त्यांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी स्वतःच मान हलवली, "नाय यार, कायतरी कमी हाय." मग माझी मध्यम आंबील. एक घोट घेतला, तांब्यात वाकून बघितलं आणि मामींना हाक मारली, "अगं, जावयानी पानी लांबनं वाहून आनलंया. आपल्या हिरीला काय झालं?"

शिवार हसलं. मामी कोपीमागून आपल्या दुरड्या घेऊन आल्या. पहाटेच उठून सगळं करून ठेवलं होतं बाईनं. तीच भज्जी, तेच उंडे, तीच काळजापर्यंत जाणारी आंबील. मामांना त्यांनी कोप घालू नका म्हणून सांगितलं नव्हतं, घाला म्हणूनही सांगितलं नव्हतं. पांडवांपुढं दुरड्या ठेवून त्या फक्त मला म्हणाल्या, "बसा. ताटं घ्या." चाचांनी गाजर वेचायला सुरुवात केली.

जेवणं झाल्यावर मामा माझ्याजवळ सरकले. आता त्यांना आपला आवाज किती मोठा लागतो ते कळत नाही, त्यामुळं त्यांच्या मते ते कुजबुजत होते आणि सगळं शिवार ऐकत होतं. "जावईबापू, तुमचा सल्ला म्या कदी मानला न्हाय. तसलं पानी कोन करंल? पर ऐकाय लई ग्वाड वाटायचं वो. दोन म्हैने घरात मानसं असल्यागत वाटायचं." उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी तांब्या उचलला आणि उरलेली आंबील एका दमात प्यालो. डोळ्यांत पाणी यायला चांगलं निमित्त असतं त्या आंबिलीचं.

परवा ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना फोन वाजला. मामा होते. पुढची येळवस अजून कितीतरी लांब, शेतात पेरणीसुद्धा झालेली नाही. पण त्यांनी नवी रीत काढलीय. प्रश्न विचारायचा आणि उत्तराला वाव म्हणून थोडा वेळ थांबायचं. "जावईबापू, औंदा आंबील आंबट करू का मध्यम?" मी तोंड उघडेपर्यंत पलीकडून तो मोठा सुस्कारा आला. "बास बास! लई मोठं काम केलं बगा तुमी. तसंच करतो." आणि फोन बंद झाला.

साहेब बघत होते. मी बंद झालेला फोन तसाच कानाला धरून म्हणालो, "आंबटच करा, मामा."