तेराव्या अक्षराची टाळाटाळ

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पाटबंधारे खात्याच्या मर्जीने होतो. माजलगावच्या धरणातून कालव्याला पाणी सुटलं की पाळकसाहेब तारीख जाहीर करतात, आणि ज्या पाण्याने ऊस भिजतो त्याच पाण्यात माणसं बुडवून काढली जातात. डोक्यावर थेंब शिंपडणं आमच्यात चालत नाही. अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे.

आणि मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी उमापूरला पोहायला शिकवताना पाठीला बांधलेला डबा विहिरीत सुटला, तेव्हापासून मी बादलीशीसुद्धा बेतानेच वागतो. पण दिंद्रुडच्या शाळेतला मास्तर हे कोणाला सांगणार? दर वर्षी तारीख लागली की मी पाळकसाहेबांना म्हणायचो, मनाची तयारी व्हायची आहे, वचनाचा अभ्यास कमी पडतोय. लोकांना वाटायचं, मास्तर फार विचारी माणूस आहे. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

बाप्तिस्मा नाही म्हणजे प्रभुभोजन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची थाळी बाकावरून सरकत यायची, मी ती बायकोच्या हातात द्यायचो आणि चष्मा पुसत बसायचो. नऊ वर्षं ती काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "एकटीनं खाल्लं की घास गिळत न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? हिब्रू शिकायला घेतलं.

निमित्त हाताशीच होतं. बायबलातल्या एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात दर आठ वचनांच्या डोक्यावर एक हिब्रू अक्षर छापलेलं असतं. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार. बावीस अक्षरांचे अर्थ पुरे झाले की पाण्यात उतरतो, असं मी सांगून टाकलं. महिन्याला एक अक्षर. पाळकसाहेब इतके खूश झाले की त्यांनी मला उपासनेनंतर शिकवायलाच बसवलं. 'भिऊ नका' हा माझा आवडता विषय झाला. माझं ऐकून कोणाची कुत्र्याची भीती गेली, कोणाची बदलीची, कोणाची सासूची. लामेद म्हणजे बैलाला टोचायची पराणी, टोचल्याशिवाय बैल पाऊल उचलत नाही, हे सांगताना तर मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

लामेदनंतर येतं मेम. मेम म्हणजे पाणी.

मी सरळ पुढचं नून घेतलं. नून म्हणजे मासा. पाण्याचं नाव न काढता माशावर वीस मिनिटं बोललो. करून बघा, सोपं काम नाही.

पुढच्या बाकावर मोंढ्याजवळ पेरू विकणाऱ्या मावशी बसतात. त्या उतारवयात वाचायला शिकल्या, त्यामुळे ओळीवर बोट ठेवूनच वाचतात, आणि त्यांचं बोट काही गाळत नाही. त्यांनी पुस्तक वर केलं.

"गुर्जी, मधलं एक राह्यलं की. कावून?"

पुढच्या वेळी घेऊ, असं काहीतरी मी पुटपुटलो. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या स्वतः दोन वर्षांपूर्वी लटलट कापत कालव्यात उतरल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"माशावर इतकं बोललात, पन पान्याचं नाव न्हाई काढलं. पान्याला भेत असाल तर तसं सांगा. मीबी लई भ्याले व्हते. देवानं भित्र्याला हाकललं न्हाई."

कोणी हसलं नाही. बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती. खोटं बोलायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "हो, भितो." वर्षभराच्या शिकवणीत माझं ते पहिलं खरं वाक्य असावं.

कालव्याला पाणी सुटलं तसा मी उतरलो. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. पाणी छातीला लागल्यावर पाळकसाहेबांचा दंड पकडून मी त्यांच्या कानात म्हणालो, विश्वास आहे, पण हात सोडू नका.

"तुमीबी सोडू नका," ते हळूच म्हणाले. "मला पोहता येत न्हाई."

वीस वर्षं लोकांना बुडवणारा माणूस! मला हसू फुटलं, त्याच क्षणी त्यांनी मला खाली दाबलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकत वर आलो, डोळे पुसले. बघतो तर बायको चपलांसकट कमरेइतक्या पाण्यात येऊन उभी होती, माझ्याकडे हात करून. तिलाही पोहता येत नाही.