जिताड्यासाठी दोरा: पलूसहून चिपळूणच्या खाडीपर्यंत

रिळावरचा दोरा बदलायचा नाही, एवढं ठरवून मी निघाले होते. फौजेतून परतल्यावर आमच्या यांनी कृष्णेत पुष्कळ मासे धरले, पण मनात होता खाडीतला जिताडा. त्यासाठी त्यांनी नवं रीळ आणलं, त्यावर जाड तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, स्वतः गुंडाळला आणि महिन्याभरातच दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. ते जाऊन चार वर्षं झाली. रीळ एकदाही पाण्याला लागलं नाही. यंदा दिवाळी झाल्यावर वाटलं, मासा मिळो न मिळो, त्यांच्या दोऱ्यानं एकदा गळ टाकून यावं.

जिताड्याच्या गालाची कड पात्यासारखी असते, ती दोरा कापते, असं मी वाचलं होतं. मग डोळे तपासायला मिरजेला गेले तेव्हा वाद्यांच्या दुकानात पोलादी तार मागितली, गळाच्या वर बांधायला. "कुठल्या वाद्याला?" दुकानदारानं विचारलं. "माशाला," म्हटलं. हसून त्यानं दोन हात तार पैसे न घेता दिली.

माझी नणंद शालन कराडजवळ मलकापूरला असते. आदल्या रात्री तिच्याकडे मुक्काम केला. "वैनी, जल्मात कवा गळ धरला न्हाई आन् निघालाय खाडीवर! मी येतीया. दादाची हौस हाय ती." असं म्हणून तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधूनच घेतली.

कराडहून चिपळूणची सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. पाटणला चहाला गाडी थांबते. कोयनानगर मागे पडलं की कुंभार्ली घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसावं, शालननं ऐकलं नाही आणि निम्मा घाट डोळे मिटून बसली. घाट उतरला तसा अंगातला स्वेटर नकोसा झाला. चिपळूणहून रिक्षा करून खाडीकाठच्या गावात, पाहुणे ठेवणाऱ्या होडीवाल्या रफीकभाईंच्या घरी पोचलो. खोली, दोन वेळचं जेवण आणि सकाळची होडी धरून दोघींचे अडीच हजार. जेवणात त्यांच्या घरच्यांनी केलेलं कोळंबीचं कालवण होतं. तेवढ्यासाठीसुद्धा परत जाईन.

संध्याकाळी अंगणात रफीकभाईंनी आमचं सामान पाहिलं. तार हातात घेऊन म्हणाले, "ताई, मासा धरायचाय का भजनाला बसवायचाय? जिताड्याला लांबून तार दिसते. जवळ पण नाय येणार." शालन पदर तोंडाला लावून हसत बसली.

मग त्यांनी रिळावरचा तंगूस दोन्ही मुठीत धरून जरा ओढला. तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. "कुजलाय. उन्हात होता का?"

गळाची काठी रिळासकट मीच माळ्यावर टाकली होती, पत्र्याच्या खाली. नजरेला पडायला नको म्हणून. चार उन्हाळे तो दोरा तिथं तापला. शालन म्हणाली, "दादानं गुंडाळलाय वो त्यो. सगळा काढू नगा."

रफीकभाईंनी रीळ फिरवून पाहिलं. "सगळा काढायचाच नाय," म्हणाले. "वर माझा वेणीचा दोरा चढवू. तो विणलेला, गुळगुळीत. नुसत्या रिळावर घसरतो, मासा ओढतो नि रीळ जागच्या जागी फिरतं. खाली थोडा तंगूस लागतोच. वरचा काढू, आतला राहू दे."

आतला जरा बरा होता, पण माशाचा जोर घेण्याइतका नव्हे. त्यावर त्यांनी आपल्याकडचा शंभर मीटर वेणीचा दोरा चढवला. जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: तीस पौंडी वेणीचा दोरा बारीक आणि बळकट, ताणत नाही, त्यामुळे माशानं आमिष टोचलं की हाताला लगेच कळतं. पण खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांना घासला की तो सुतासारखा उसवतो. म्हणून टोकाला एक वाव, म्हणजे दोन हात पसरून होईल तेवढा, जाड, पारदर्शक तंगुसाचा लीडर बांधायचा, चाळीस-पन्नास पौंडी. गालाचं पातंही त्यालाच झेलायचं असतं. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करावी, कोरडी आवळली तर तिथंच तुटते.

सकाळी भरती ओसरायला लागली तेव्हा होडी काढली. जिवंत बोय मासा आमिष म्हणून गळाला लावून मी पहिल्यांदा टाकलं ते होडीच्या दुसऱ्या बाजूला. दोन तास काही नाही. मग काठी एकदम वाकली आणि रीळ ओरडायला लागलं. रिळाचा ब्रेक मी सैल ठेवला होता. मासा ओहोटीच्या पाण्याबरोबर पळत सुटला.

"आवळा, ताई!"

"तुटंल वो!" शालन ओरडली.

रिळावरची हिरवी वेणी सरसर कमी झाली आणि तिच्याखाली यांचा पिवळट दोरा दिसायला लागला. पुढे फक्त दोन दोऱ्यांमधली गाठ होती. ती रिळावरून सुटली असती तर सगळा जोर कुजक्या दोऱ्यावर येऊन मासाही गेला असता आणि तो दोराही. मी ब्रेक आवळला, अंगठा रिळावर दाबला. कातडी भाजली. काठी होडीच्या कडेला टेकली. "थांब रं बाबा," एवढंच मी म्हणत होते, कुणाला ते ठाऊक नाही. मासा थांबला. मग वळला.

जिताडा तीन किलोच्या आसपास भरला. लीडर बघितला तर हातभर खरवडून पांढरा पडला होता, पण टिकला होता. निम्मा मासा रफीकभाईंच्या घरी दिला, निम्मा आम्ही सगळ्यांनी मिळून तिथंच खाल्ला. शालननं पहिला घास बाजूला काढून ठेवला.

घरी येऊन आठ दिवस झाले. अंगठ्याचा फोड बसला. खाडीत वापरलेलं सामान गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, मीठ राहिलं तर रीळ गंजतं. काल परसात बसून वेणीचा दोरा सगळा उलगडला, धुतला, सावलीत वाळत घातला. ज्यांनी तार दिली, कालवण वाढलं, ज्यांनी दोरा वाया जाऊ दिला नाही, त्या सगळ्यांची आठवण काढत तो पुन्हा गुंडाळला. खालचा मी उलगडला नाही. वेणी चढवण्याआधी त्याला बोट लावून पाहिलं होतं. तो कोरडाच होता, खाडीचं मीठ त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.