कावळ्यांना चालणारी पोळी

अमेरिकेला निघायच्या दिवशी कराडच्या एसटी स्टँडवर आईने दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिथं काहीही खा, पण दिवसातनं एकदा तरी पोळी पोटात जाऊ दे. आणि एकट्यानं जेवू नका." ते २००१ साल. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी खिडकीच्या गजावरचा माझा हात थोपटला.

इकडे बॉथेलला आल्यावर पहिले काही महिने माझ्या बायकोने, मेधाने पोळ्या लाटल्या. मग तिलाही नोकरी लागली आणि पोळीच्या जागी टॉर्टियाचा, म्हणजे दुकानातल्या तयार मेक्सिकन पोळ्यांचा, पुडा आला. तुमच्यापैकी जे इकडे आलात त्यांना हे सांगायला नको. तव्यावर शेकायची, तूप लावायचं, घडी घालून डब्यात ठेवायची आणि तिलाच पोळी म्हणायचं. मी सवयीने पुड्यावरचे आकडे वाचले. एका टॉर्टियात दोनशे दहा कॅलरी, फायबर जेमतेम एक ग्रॅम, आणि सोडियम चारशे मिलिग्रॅमच्या वर. आपल्या पोळीच्या कणकेत चिमूटभर मीठ. इथे दोन टॉर्टियांतच दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा संपतो. 'होल व्हीट' लिहिलेला पुडा आणला, तर घटकांत पहिलं नाव मैद्याचं. बरेच पुडे उलटून पाहिल्यावर अख्खा गहू पहिला असलेला एक सापडला. तोच घरात ठरला.

बाबा गेल्यावर, २००६ मध्ये, आई आमच्याकडे राहायला आली. तिला मधुमेह. हात थरथरायचे, आणि आमच्या विजेच्या शेगडीला ती भ्यायची. आम्ही दोघं ऑफिसात, आमची मुलगी ऋचा शाळेत. दोन टॉर्टिया आणि भाजी झाकून ठेवायची, आईने मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची, अशी व्यवस्था. "आजी, इट्स सो ईझी, जस्ट प्रेस धिस," ऋचाने शिकवलं. पहिला घास घेऊन आईने विचारलं, "ही लाटली कुणी?"

"मशीनने," मी म्हणालो.

"तरीच. हिला कुणाचा हातच लागलेला नाही."

मी तिला आकडे समजावले. फायबर आपल्या पोळीइतकंच, मीठ जरा जास्त, म्हणून लोणचं बंद. ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी ताटली रिकामी असायची. मी निर्धास्त होतो.

एका दुपारी मेधा लवकर घरी आली, तर आई घरामागच्या लाकडी डेकवर पडलेली, घामाने भिजलेली. कठड्यावर कावळे बसलेले. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. अँब्युलन्सवाल्यांनी शुगर पाहिली, ती फार खाली गेली होती.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर आई ओशाळून म्हणाली, "पहिला घास तुझ्या बाबांना ठेवते रे. कराडला कावळ्याची वाट बघावी लागते. इथले मेले हाक मारायच्या आत हजर. सगळंच खाऊन टाकतात. मला तसाही तो चामट घास एकटीला उतरत नाही."

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं की टॉर्टियात वाईट काही नाही. मक्याची लहान आणा. तिच्यात मका, चुना आणि पाणी, मीठ नावाला. सोबत बीन्स आणि भरपूर भाजी द्या. मी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "दुपारी त्यांच्याबरोबर जेवायला कोण असतं?"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

महिन्याभरात आईला कराडला दादाकडे परत पाठवलं. तिथे वहिनी समोर बसून जेवू घालायची, आईचं वजनही भरलं. फोनवर ती मलाच विचारायची, "पोळी खाल्लीस?" मी "हो" म्हणायचो.

२००८ मध्ये ती गेली. ग्रीन कार्डचं काम अडकलेलं. देशाबाहेर पडलात तर परत येण्याची खात्री नाही, असं वकील म्हणाला. मी गेलो नाही. दहाव्याला नदीकाठावरून दादाचा फोन आला. "श्री, कावळा शिवेना रे. पोरांचं सांगितलं, घराचं सांगितलं, तरी शिवेना. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, भाऊजींचं सांगा. म्हणालो, आई, श्री नीट जेवतो. घरची पोळी खातो, सगळे एकत्र बसून. तेव्हा शिवला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. दुपारी मक्याची एक टॉर्टिया शेकली आणि डेकच्या कठड्यावर ठेवली. हात मागे घ्यायच्या आत कावळा ती घेऊन गेला. इथल्या कावळ्याजवळ कुणाला काही कबूल करावं लागत नाही.

दादा, मला घर म्हणून आता तो नदीचा काठच आठवतो. तिथे माझ्याविषयी खोटं सांगितलं, तेव्हा कुठे आई सुटली. ते खरं करून दाखवायचं म्हटलं, तरी बघायला आता कुणी नाही. मेधाची मीटिंग लांबते, ऋचा तिच्या खोलीत जेवते. अख्ख्या गव्हाचा पुडा अजून तोच आणतो. मागचे आकडे पाठ आहेत, तरी दुकानात उभा राहून वाचतो.