बाहेर उभं राहून मोजणाऱ्या मुली

सप्तापूरला आमच्या घरी लेकीच्या शाळेचा डबा मी धुते, म्हणून मला कळलं. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येत होती. ऑक्टोबरचं ऊन, मुलगी सातवीत, आणि पाण्याचा एक घोट नाही. विचारलं तर म्हणे, "तहान लागत नाही." मला काय दुधखुळी समजते की काय!

दोन दिवस जाऊ दिले. मग भाजी निवडताना तिनं आपणहूनच सांगितलं. वर्गात एकदा तिच्या स्कर्टला डाग लागला होता. तेव्हापासून ती बाथरूमला गेली की तिघीजणी दाराबाहेर उभ्या राहून मोठ्यानं आकडे मोजायच्या, "वन, टू, थ्री..." ती बाहेर आली की टाळ्या. म्हणून तिनं पाणीच सोडलं होतं. तिघींची म्होरकी आमच्याच गल्लीतल्या वकिलांची लेक. आमच्या पायरीवर बसून कितीदा चिरमुरे खाऊन गेलेली!

मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "मुलींचं असंच असतं हो. आज भांडतात, उद्या गळ्यात गळे." "हे भांडण नाही, मिस. भांडायला दोघी लागतात," मी म्हटलं. त्यांनी चौघींना पुढं बोलावून हात मिळवायला लावले, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. झालं, मिटलं! दुसऱ्या दिवशी तिघी हळू आवाजात मोजू लागल्या, एवढाच फरक.

मग दसऱ्याची सुट्टी लागली. आमच्या कन्नड मुलखात दसऱ्याच्या संध्याकाळी लहानांनी मोठ्यांना बन्नीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून देऊन पाया पडायचं, सगळ्यांशी गोड व्हायचं. वकील लेकीला घेऊन आलेच. ती माझ्या पाया पडली, सासऱ्यांच्या पाया पडली. "किती गुणी पोर!" सासरे म्हणाले. मला संताप आला होता, पण मी चहा टाकायला उठले. नवऱ्याचे ते मित्र, सणाचा दिवस. माझ्या लेकीलाही हे सगळं कळत होतं.

मग ती वकिलांची लेक माझ्या मुलीपुढं आली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु," म्हणाली. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. माझ्या मुलीनं हात मागं घेतले.

"घे की गं," सासरे म्हणाले.

"ही बाथरूमच्या बाहेर उभी राहून मोजते, अज्जा," ती म्हणाली. वकिलांना मराठी समजतं, पण तिनं तेच पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. डागासकट सगळं, न अडखळता, बाप्यामाणसांसमोर. गप्प बस म्हणावं असं एकदा तोंडापर्यंत आलं, पण म्हटलं नाही.

वकिलांनी लेकीकडं नुसतं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "सॉरी," ती पुटपुटली.

"सॉरी नको. मोजू नको," माझी लेक म्हणाली.

सासऱ्यांना राहवलं नाही. माझ्या माहेरची माणसं असती तर एवढं कानकोंडं वाटलं नसतं त्यांना, पण हे पडले त्यांच्या मुलाचे मित्र. "अगं, आज सण आहे बाळा. मनात ठेवू नये. घेऊन टाक."

"सण आजच्यापुरता आहे, अज्जा," ती म्हणाली. "सोमवारी मला शाळेत जायचंय."